कोलॅजेनसदृश पेप्टाइडांची संरचना

कोलॅजेनसदृश पेप्टाइडांची संरचना : कोलॅजेन या तंतुरूप प्रथिनातील ॲमिनो अम्लांच्या क्रमाचे अनुकरण करणारी लहान बहुपेप्टाइडे प्रयोगशाळेत संश्लेषणाने (कृत्रिम रीतीने) तयार करता येतात. त्यांना कोलॅजेनसदृश पेप्टाइडे म्हणतात. या पेप्टाइडांचे स्फटिक तयार करून व त्यांवर क्ष-किरण टाकून त्यांतील अणूंच्या जागा निश्चित करण्याचे कार्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. मूळ कोलॅजेनाच्या तंतूंवरून ज्या प्रश्नांचा निर्णय जवळजवळ चाळीस वर्षे लागू शकला नव्हता, त्यांचा निर्णय या लहान रेणूंनी लावला. यांपैकी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मद्रास (आताचे चेन्नई) येथे मांडल्या गेलेल्या एका प्रतिकृतीसंबंधीचा होता. त्यामुळे या विषयाचा इतिहास भारतीय विज्ञानाच्या इतिहासाशी निगडित आहे.

कोलॅजेन हे सस्तन प्राण्यांच्या शरीरात सर्वाधिक प्रमाणात आढळणारे प्रथिन असून शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भाग त्याचा असतो. कातडी, हाडे, दात, कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भित्ती आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्ट) यांना बळकटी येते ती मुख्यत्वे या प्रथिनामुळे. हाडे व कातडी पाण्यात दीर्घकाळ उकळल्यास कोलॅजेनापासून जिलेटीन मिळते. सुतारकामातील सरस हे त्याचेच अशुद्ध रूप होय. कोलॅजेन हे नावही सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

या प्रथिनाच्या रेणूत काय चालते हे माहीत नसतानाही माणसाने त्याचा उपयोग फार पूर्वीपासून केला आहे. कातडे कमाविणे म्हणजे रासायनिक दृष्ट्या कोलॅजेनाचे तंतू स्थिर करणे होय. कच्चे कातडे पाण्यात तापविल्यास सुमारे ६०–६५° से. तापमानाला एकदम आकसते. कमावलेले कातडे त्याहून अधिक तापमान सहन करते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुके यांच्या सह्याद्रीलगतच्या डोंगराळ भागात आदिवासी लोक हिरड्याची फळे गोळा करतात. या फळांतील टॅनिनाचा उपयोग कातडे कमाविण्यासाठी होत आला आहे. टॅनिनाचे रेणू कोलॅजेनाच्या साखळ्यांशी अनेक हायड्रोजन बंधांनी (हायड्रोजन अणूच्या द्वारे दोन अणूंमध्ये निर्माण होणाऱ्या दुर्बल बंधांनी) जोडले जातात व तंतूंना एकमेकांशी जखडून टाकतात. हिरडा कातड्याला नेमका कोठे पकडतो, याचे उत्तर मात्र कोलॅजेनाच्या साखळ्यांची मांडणी कळल्याशिवाय देता येत नव्हते.

तंतू व स्फटिक यांतील भेद : स्फटिकात एकसारखे रेणू तिन्ही दिशांनी नियमितपणे रचलेले असतात. त्यावर क्ष-किरणांची शलाका टाकली असता ती ठराविक दिशांना विवर्तित होते (वळते) व छायाचित्रण पट्टीवर किंवा अभिज्ञातकावर (किरण ओळखणाऱ्या उपकरणावर) शेकडो किंवा हजारो सुस्पष्ट ठिपके मिळतात. या ठिपक्यांच्या तीव्रता मोजून व योग्य गणित करून रेणूतील इलेक्ट्रॉनांची घनता कोठे किती आहे, याचा नकाशा काढता येतो. नैसर्गिक कोलॅजेनाचा रेणू सुमारे ३,००० आँगस्ट्रॉम लांब व जेमतेम १५ आँगस्ट्रॉम जाड असतो (१ आँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). इतक्या लांबट रेणूचा स्फटिक मिळत नाही. तंतूमध्ये हे रेणू एकमेकांना समांतर असतात. परंतु प्रत्येक रेणू आपल्या अक्षाभोवती वाटेल तसा वळलेला असतो. परिणामी तंतूच्या क्ष-किरण चित्रात थोडे पसरट ठिपके व कंस तेवढे उमटतात. अशा चित्रावरून एखादी प्रतिकृती तपासून पाहता येते. ती सरळ गणिताने काढता येत नाही. दोन वेगळ्या प्रतिकृती एकाच चित्राशी बऱ्यापैकी जुळू शकतात, आणि कोलॅजेनाच्या बाबतीत नेमके असेच झाले.

रासायनिक पृथक्करणावरून काही गोष्टी आधीच माहीत होत्या. कोलॅजेनातील ॲमिनो अम्लांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश ग्लायसीन असते व सुमारे एक-पंचमांश प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन ही दोन असतात. ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो अम्ल असून त्याला पार्श्वशाखा म्हणून केवळ एक हायड्रोजन अणू असतो. प्रोलिनाची पार्श्वशाखा उलट वळून मुख्य साखळीलाच जोडलेली असल्याने तिचे वलय बनते व त्या ठिकाणी साखळी फारशी लवचिक राहत नाही. तंतूच्या क्ष-किरण चित्रात अक्षाच्या दिशेने सुमारे २·८६ आँगस्ट्रॉम अंतर दर्शविणारा ठळक कंस दिसे. इंग्लंडमधील लीड्स येथे डब्ल्यू. टी. ॲस्टबरी यांनी आणि अमेरिकेत लायनस पॉलिंग व आर्. बी. कोरी यांनी (१९५१) या माहितीवरून प्रतिकृती सुचविल्या. पॉलिंग व कोरी यांच्या प्रतिकृतीत तीन साखळ्या होत्या. पण ती क्ष-किरण चित्राशी जुळली नाही व मागे पडली. त्याच वर्षी याच दोघांनी प्रथिनांतील आल्फा मळसूत्राची रचना अचूक मांडली होती, हे लक्षात घेता कोलॅजेनाचा प्रश्न किती अवघड होता याची कल्पना येते.

मद्रास येथील कार्य : गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन (१९२२–२००१) हे बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी होते. केंब्रिज येथे दोन वर्षे काम करून ते १९४९ मध्ये परतले व १९५२ मध्ये, वयाच्या तिशीत, मद्रास विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी क्ष-किरण स्फटिकविज्ञानाची प्रयोगशाळा उभारली. इंग्लंडमधील स्फटिकवैज्ञानिक जे. डी. बर्नाल यांनी मद्रासला दिलेल्या भेटीत कोलॅजेनाची संरचना अद्याप अनिर्णित असल्याकडे त्यांचे लक्ष वेधले. विद्यापीठाच्या शेजारीच १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. तेव्हा कातड्याच्या या मूलद्रव्याचा विचार मद्रासमध्ये व्हावा, हे स्वाभाविकच होते. रामचंद्रन व त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेची सुस्पष्ट क्ष-किरण चित्रे मिळविली व ऑगस्ट १९५४ मध्ये नेचर या इंग्रजी साप्ताहिकात आपली प्रतिकृती प्रसिद्ध केली. तीन मळसूत्राकार साखळ्या शेजारी शेजारी समांतर उभ्या असून त्या परस्परांशी हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या आहेत आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन आहे, असे तिचे स्वरूप होते.

या प्रतिकृतीत साखळीच्या दर फेऱ्याला नेमकी तीन ॲमिनो अम्ले बसत होती. ग्लायसीन तीन साखळ्यांच्या मधोमध, अक्षालगत यावे, हे त्यामागील कारण होते. कारण तेथे दुसऱ्या कोणत्याही ॲमिनो अम्लाची पार्श्वशाखा मावत नाही. परंतु क्ष-किरण चित्रावरून दर फेऱ्यात तीनपेक्षा किंचित अधिक, म्हणजे दर तीन फेऱ्यांत दहा, ॲमिनो अम्ले आहेत असे दिसत होते. तसे असेल तर ग्लायसीन दर फेऱ्याला थोडे थोडे बाजूस सरकून शेवटी बाहेरच्या अंगाला जाणार. सप्टेंबर १९५५ मधील दुसऱ्या लेखात रामचंद्रन व कर्था यांनी हा पेच सोडविला. तिन्ही साखळ्या सरळ उभ्या नसून त्या एका समाईक अक्षाभोवती दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकींवर हळूहळू पीळ घेतात, असे त्यांनी दाखविले. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना स्वतःभोवतीही तेवढ्याच काळात फिरतो, म्हणून त्याची एकच बाजू नेहमी पृथ्वीकडे राहते. त्याचप्रमाणे या रचनेत ग्लायसिनाची बाजू सतत आतच राहते. प्रत्येक साखळीचा स्वतःचा पीळ डावा, तर तिघींचा मिळून होणारा पीळ उजवा असतो. दोरखंड वळणारा कारागीरही पेडाचा पीळ व दोराचा पीळ उलट दिशांना ठेवतो, म्हणजे दोर सहजासहजी उकलत नाही.

तीन महिन्यांच्या आत केंब्रिज येथील अलेक्झांडर रिच व एफ्. एच्. सी. क्रिक यांचा आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजातील पॉलीन कौअन, एस्. मॅकगॅव्हिन व ए. सी. टी. नॉर्थ यांचा लेख त्याच साप्ताहिकात आला. एकमेकींवर पीळ घेतलेल्या तीन साखळ्यांची कल्पना दोघांनाही मान्य होती. मतभेद होता तो बंधांच्या संख्येबाबत. मद्रासच्या प्रतिकृतीत दर तीन ॲमिनो अम्लांमागे साखळ्यांना जोडणारे दोन हायड्रोजन बंध होते. रिच व क्रिक यांच्या मते दोन बंध जुळवू गेल्यास काही अणू एकमेकांच्या अशक्यप्राय इतके जवळ येतात. म्हणून एकच बंध शक्य आहे. ही टीका मूलभूत होती, कारण रेणूची स्थिरता बंधांवरच अवलंबून असते. उपलब्ध तंतुचित्रांवरून मात्र कोणाचेच म्हणणे निर्विवादपणे सिद्ध होत नव्हते. काही ग्रंथांत ही संरचना केवळ रिच व क्रिक यांच्या नावावर घातलेली आढळते. ते न्याय्य नाही; तिहेरी मळसूत्राची कल्पना आणि तिचा पीळ ही दोन्ही मद्रासची आहेत.

या वादाचे एक फळ मूळ प्रश्नापेक्षाही मोठे ठरले. दोन अणू एकमेकांच्या खरोखर किती जवळ येऊ शकतात, हे ठरविण्यासाठी रामचंद्रन यांनी त्या वेळेपर्यंत प्रसिद्ध झालेल्या लहान रेणूंच्या स्फटिक संरचना तपासल्या व अणूंच्या प्रत्येक जोडीसाठी किमान अंतर निश्चित केले. त्यानंतर सी. रामकृष्णन् व व्ही. शशिशेखरन् यांच्यासमवेत त्यांनी पेप्टाइड साखळीतील फाय व साय या दोन कोनांच्या कोणत्या जोड्या शक्य आहेत व कोणत्या नाहीत, हे दाखविणारा आलेख १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रथिनाची नवी संरचना निश्चित झाली की ती ग्राह्य आहे की नाही हे पाहण्यासाठी जगभर हाच ‘रामचंद्रन आलेख’ वापरतात. कर्था पुढे अमेरिकेत गेले व १९६७ मध्ये रिबोन्यूक्लिएज या एंझाइमाची संरचना निश्चित करणाऱ्या गटात त्यांचा प्रमुख सहभाग होता.

रामचंद्रन यांनी दुसऱ्या बंधाचा आग्रह मात्र पूर्णपणे सोडला नाही. दुसरा बंध दोन साखळ्यांमध्ये सरळ नसून मध्ये पाण्याचा एक रेणू घेऊन झालेला असावा, असे त्यांनी आर्. चंद्रशेखरन् यांच्यासमवेत १९६८ मध्ये सुचविले. कार्बनाला जोडलेला हायड्रोजनही ऑक्सिजनाशी दुर्बल बंध करू शकतो, ही कल्पनाही त्यांच्या गटाने त्या दशकात विचारात घेतली होती. त्या काळी या सूचनेकडे अनेकांनी दुर्लक्ष केले. तिचा निर्णय देण्यास लागणारी साधनेच नव्हती.

कृत्रिम बहुपेप्टाइडे : नैसर्गिक कोलॅजेनाच्या साखळीतील क्रम ‘ग्लायसीन–क्ष–य’ असा असतो व क्ष आणि य या जागी निरनिराळी ॲमिनो अम्ले येतात. या विविधतेमुळे तंतूचे चित्र अधिकच धूसर होते. तेव्हा एकच त्रिक पुनःपुन्हा जोडून बनविलेली साधी साखळी अभ्यासावी, असा विचार पुढे आला. केवळ प्रोलिनाचे व केवळ ग्लायसिनाचे बहुपेप्टाइड यांचा अभ्यास १९५५ मध्येच झाला होता. रिच व क्रिक यांना त्यांची प्रतिकृती सुचली तीही ग्लायसिनाच्या बहुपेप्टाइडावरून. इझ्राएलमधील व्हाइट्समान संस्थेत डब्ल्यू. ट्राउब व त्यांची विद्यार्थिनी ॲडा योनाथ यांनी ग्लायसीन व प्रोलीन यांच्या त्रिकांपासून बनलेल्या बहुपेप्टाइडांची क्ष-किरण चित्रे १९६६ मध्ये प्रसिद्ध केली व त्यांत कोलॅजेनासारखेच तिहेरी मळसूत्र असल्याचे दाखविले. (योनाथ यांना पुढे रिबोसोमाच्या संरचनेबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वेंकटरामन रामकृष्णन व टॉमस स्टाइट्झ यांच्यासमवेत विभागून मिळाले.) या बहुपेप्टाइडांत एक उणीव होती. त्यांतील साखळ्या कमी-अधिक लांबीच्या असल्याने त्यांचेही तंतूच मिळत, स्फटिक मिळत नसत.

ही उणीव जपानमध्ये दूर झाली. अमेरिकेतील आर्. बी. मेरीफील्ड यांनी १९६३ मध्ये घन आधारावर एकेक ॲमिनो अम्ल जोडत जाण्याची पद्धत शोधून काढली होती. तिचा अवलंब करून ओसाका येथील शुंपेई साकाकिबारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दशकाच्या अखेरीस प्रोलीन–प्रोलीन–ग्लायसीन हे त्रिक नेमके पाच, दहा, पंधरा किंवा वीस वेळा असलेल्या साखळ्या बनविल्या. यांपैकी दहा त्रिकांच्या, म्हणजे तीस ॲमिनो अम्लांच्या साखळीचे स्फटिक मिळाले व केंजी ओकुयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे पहिले क्ष-किरण विश्लेषण १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. कोलॅजेनसदृश पेप्टाइडाचा हा पहिला स्फटिक होय. तथापि पेप्टाइडाचा एकसुरीपणाच येथे आडवा आला. सर्व त्रिके सारखी असल्याने स्फटिकात रेणू अक्षाच्या दिशेने पुढे-मागे सरकलेले असले, तरी शेजाऱ्यांशी तितकेच चांगले जुळतात. त्यामुळे एका रेणूची सुरुवात व शेवट दिसेना. दिसली ती एक सरासरी, जणू अंत नसलेली साखळी.

तरीही या सरासरीतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. ओकुयामा यांनी १९८१ मध्ये दाखविल्याप्रमाणे या पेप्टाइडात दर तीन फेऱ्यांत दहा नव्हे, तर दर दोन फेऱ्यांत सात ॲमिनो अम्ले बसतात. म्हणजे पीळ थोडा अधिक घट्ट असतो. तंतूंच्या चित्रांवरून काढलेला दहाचा हिशोब चुकीचा होता, की प्रोलिनाने भरलेले हे पेप्टाइडच खऱ्या कोलॅजेनाचे योग्य प्रतिनिधी नव्हते, असा नवा वाद यातून सुरू झाला.

साकाकिबारा यांनी मधल्या प्रोलिनाच्या जागी हायड्रॉक्सिप्रोलीन घालून तयार केलेल्या पेप्टाइडाने दुसऱ्या एका प्रश्नाला चालना दिली. प्रोलीन–प्रोलीन–ग्लायसीन हे त्रिक दहा वेळा असलेल्या पेप्टाइडाचे तिहेरी मळसूत्र सौम्य ॲसिटिक अम्लात सुमारे २४° से. तापमानाला उकलते, प्रोलीन–हायड्रॉक्सिप्रोलीन–ग्लायसीन या त्रिकाचे तेवढ्याच लांबीचे पेप्टाइड सुमारे ५८° से. पर्यंत टिकते, असे १९७३ मध्ये आढळले. त्याच वर्षी आर्. ए. बर्ग व डी. जे. प्रोकॉप यांनी नैसर्गिक कोलॅजेनाबाबतही असाच निष्कर्ष काढला : हायड्रॉक्सिल गट नसलेले कोलॅजेन शरीराच्या तापमानाला टिकू शकत नाही. प्रोलिनाचे हायड्रॉक्सिप्रोलीन करणाऱ्या एंझाइमाला क जीवनसत्त्व लागते. ताज्या फळभाज्यांवाचून महिनोन्‌महिने समुद्रात राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई व जुन्या जखमाही पुन्हा उघडत, त्या स्कर्व्ही रोगाचे रेणवीय कारण अशा रीतीने उलगडले. रामचंद्रन, मंजू बन्सल व आर्. एस्. भटनागर यांनी त्याच वर्षी असे गृहीतक मांडले की, हायड्रॉक्सिप्रोलीन पाण्याच्या रेणूच्या द्वारे शेजारच्या साखळीशी बंध करून मळसूत्राला बळकटी देते.

१९९४ ची संरचना : निर्णायक स्फटिक अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मिळाला. बार्बरा ब्रॉड्स्की या कोलॅजेनाच्या विकारांचा अभ्यास करीत होत्या. कोलॅजेनाच्या साखळीतील हजारएक ॲमिनो अम्लांपैकी एकाच ग्लायसिनाच्या जागी दुसरे ॲमिनो अम्ल आल्यास अपूर्ण अस्थिजनन हा आनुवंशिक विकार होऊ शकतो. यात हाडे इतकी ठिसूळ होतात की, किरकोळ धक्क्यानेही मोडतात. विकार तीव्र असल्यास मूल जन्मतःच अस्थिभंग झालेले असते व दगावते. साखळीतील एवढ्याशा बदलाचा परिणाम इतका भयंकर का व्हावा, हे पाहण्यासाठी तीस ॲमिनो अम्लांचे एक पेप्टाइड बनविण्यात आले. त्यात प्रोलीन–हायड्रॉक्सिप्रोलीन–ग्लायसीन हे त्रिक दहा वेळा होते. फक्त पाचव्या त्रिकात ग्लायसिनाऐवजी ॲलॅनीन, म्हणजे एका कार्बनाने मोठे असलेले ॲमिनो अम्ल, घातले होते. जॉर्डी बेल्ला, हेलन बर्मन, ब्रॉड्स्की व एम्. ईटन यांनी या पेप्टाइडाच्या स्फटिकाची संरचना १·९ आँगस्ट्रॉम विभेदनापर्यंत निश्चित करून १९९४ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सुमारे ८७ आँगस्ट्रॉम लांब व १० आँगस्ट्रॉम जाड असा तो संपूर्ण रेणू होता. तिहेरी मळसूत्रातील अणू प्रत्यक्ष, सरासरीने नव्हे, दिसण्याची ही पहिलीच वेळ होती. रामचंद्रन तेव्हा हयात होते.

या संरचनेने तंतूंवरून काढलेल्या मूळ चित्राला पुष्टी दिली. तीन साखळ्या एकमेकींच्या तुलनेत अक्षाच्या दिशेने एकेका ॲमिनो अम्लाने पुढे-मागे असतात. ग्लायसीन आतच असते. आणि ग्लायसिनाच्या नायट्रोजनापासून शेजारच्या साखळीतील प्रोलिनाच्या ऑक्सिजनापर्यंत दर त्रिकामागे एकच सरळ हायड्रोजन बंध असतो. या मुद्द्यावर केंब्रिजची बाजू खरी ठरली. परंतु नकाशात रेणूभोवती पाण्याचे एक सुव्यवस्थित आवरणही दिसले. हायड्रॉक्सिप्रोलिनाचे हायड्रॉक्सिल गट व साखळ्यांचे बाहेर वळलेले ऑक्सिजन अणू हे जणू खुंटे, आणि त्यांना जोडणारे पाण्याच्या रेणूंचे साखळीवजा पूल, असे त्याचे स्वरूप होते. काही पूल एका साखळीकडून दुसरीकडे, तर काही शेजारच्या रेणूपर्यंत पोहोचले होते. बेल्ला व बर्मन यांनी १९९६ मध्ये याच संरचनेत कार्बनाला जोडलेल्या हायड्रोजनाचे ऑक्सिजनाशी होणारे दुर्बल बंधही दाखवून दिले. रामचंद्रन यांचा दुसरा बंध त्यांनी प्रथम मांडला त्या रूपात अस्तित्वात नाही. मात्र पाण्याचा पूल आणि कार्बन-हायड्रोजनाचा दुर्बल बंध या नंतरच्या दोन्ही सूचनांशी मिळतीजुळती वस्तुस्थिती स्फटिकात आढळली.

ॲलॅनिनाच्या जागी काय घडते, हेही स्पष्ट झाले. त्याचा जादा कार्बन आत मावत नसल्याने त्या भागात मळसूत्राचा पीळ किंचित सैल होतो, सरळ हायड्रोजन बंध तुटतात व त्या फटीत पाण्याचे रेणू शिरून साखळ्यांना कसेबसे जोडून ठेवतात. रेणू मोडत नाही. त्या ठिकाणी तो दुबळा होतो. येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पेप्टाइडात तिन्ही साखळ्यांत ॲलॅनीन होते, तर रुग्णांच्या कोलॅजेनात बहुधा एक किंवा दोनच साखळ्या सदोष असतात. शिवाय ग्लायसिनाऐवजी येणाऱ्या ॲमिनो अम्लांत ॲलॅनीन हे सर्वांत कमी उपद्रवी आहे. त्याहून मोठे ॲमिनो अम्ल आल्यास विकार सामान्यतः अधिक तीव्र असतो.

सात व दहा यांचा वाद १९९९ मध्ये मिटला. आर्. झेड्. क्रेमर, बेल्ला, ब्रॉड्स्की, बर्मन इत्यादींनी मानवी कोलॅजेनातील प्रोलीनविरहित खंड मध्यभागी घातलेल्या पेप्टाइडाची संरचना काढली. तीत टोकांचे प्रोलीनयुक्त भाग दोन फेऱ्यांत सात या प्रमाणात, तर मधला भाग तीन फेऱ्यांत दहा या प्रमाणाकडे झुकलेला आढळला. एकाच रेणूत दोन्ही पीळ असतात व ते ॲमिनो अम्लांच्या क्रमावर अवलंबून असतात. म्हणजे ओकुयामा व तंतूंचे निरीक्षक दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. याच सुमारास एकसुऱ्या पेप्टाइडांच्या स्फटिकांतही सुधारणा झाली. व्ही. नागराजन्, एस्. कामितोरी व ओकुयामा यांनी १९९८ मध्ये दहा त्रिकांच्या जुन्या पेप्टाइडाचे पुन्हा विश्लेषण केले व २००२ मध्ये इटलीतील एका गटाने त्याचे विभेदन १·३ आँगस्ट्रॉमपर्यंत नेले. कोशिका (पेशी) कोलॅजेनाला कशा धरून राहतात, हे जे. एम्सली व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संरचनेवरून कळले. तीत कोशिकेच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन या प्रथिनाचा एक भाग कोलॅजेनसदृश पेप्टाइडाला जोडलेला असून पेप्टाइडातील ग्लुटामिक अम्ल इंटेग्रिनातील धातूच्या आयनाला पकडते.

हायड्रॉक्सिप्रोलिनाविषयीच्या स्पष्टीकरणाला मात्र धक्का बसला. अमेरिकेतील रोनाल्ड रेन्झ व सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सिल गटाऐवजी फ्ल्युओरीन अणू असलेले प्रोलीन वापरले. फ्ल्युओरीन पाण्याशी फारसे हायड्रोजन बंध करीत नाही. तेव्हा बळकटी पाण्याच्या पुलांमुळे येत असेल, तर हे मळसूत्र दुबळे निघावयास हवे होते. उलट ते सुमारे ९१° से. पर्यंत टिकले, तर त्याच परिस्थितीत हायड्रॉक्सिप्रोलिनाचे सुमारे ६९° से. पर्यंत. इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणाऱ्या गटामुळे प्रोलिनाचे वलय मळसूत्राला अनुकूल अशा आकारात आधीच वळलेले राहते, असा अर्थ रेन्झ यांनी १९९८ मध्ये लावला. पाण्याचे पूल स्फटिकात दिसतात हे खरे. परंतु एखादी गोष्ट संरचनेत दिसणे आणि ती स्थिरतेचे कारण असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

या प्रश्नावर महाराष्ट्रातही काम झाले आहे. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आय्. आर्. बाबू व कृष्ण एन्. गणेश यांनी हायड्रॉक्सिल गटाऐवजी ॲमिनो गट असलेले प्रोलीन घालून कोलॅजेनसदृश पेप्टाइडे तयार केली व त्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. ॲमिनो गट अम्लीय विद्रावात धन विद्युत् भार धारण करतो व क्षारीय विद्रावात तो भार सोडतो. त्यामुळे एकाच पेप्टाइडात विद्युत् भाराचा व हायड्रोजन बंधाचा वाटा वेगवेगळा मोजता येतो. या पेप्टाइडांचे तिहेरी मळसूत्र हायड्रॉक्सिप्रोलिनाच्या मळसूत्रापेक्षा अधिक स्थिर आढळले. हे निष्कर्ष स्फटिकांवरून काढलेले नसून विद्रावाच्या वर्तुळी द्विवर्णतेच्या (डाव्या व उजव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातील फरकाच्या) मापनांवरून काढलेले आहेत. गणेश २००६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले.

लहान पेप्टाइडांवरून मिळालेल्या ज्ञानाला एक स्वाभाविक सीमा आहे. तीस ॲमिनो अम्लांचा रेणू हा हजार ॲमिनो अम्लांच्या रेणूचा तुकडा होय. तंतूमध्ये शेकडो रेणू एकमेकांशी कसे रचले जातात हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी संशोधकांना पुन्हा कंडरेकडेच वळावे लागले. जे. पी. आर्. ओ. ऑर्गेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उंदराच्या शेपटीतील कंडरेवर तीव्र क्ष-किरण वापरून नैसर्गिक तंतूतील रेणूंची त्रिमितीय मांडणी प्रसिद्ध केली. तिचे विभेदन अक्षाच्या दिशेने सुमारे ५ आँगस्ट्रॉम व आडव्या दिशेने सुमारे ११ आँगस्ट्रॉम आहे. यात रेणूंचा मार्ग दिसतो, अणू दिसत नाहीत.